वेण्णेच्या डोहातील जेलीफिश आणि लोकसहभागातून संशोधन

जेलीफिश म्हणताच समुद्रकिनाराच डोळ्यांसमोर येतो. मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात निळ्या दंशकारी जीवांचे थवे वाहून येतात आणि तेथील नागरिक २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातून किनाऱ्यावरील जीवांच्या नोंदी ठेवीत आहेत. परंतु सांगली, माधवनगर परिसरातील वाचकांनी लक्षात ठेवावे असे प्रकरण कृष्णेच्या खोऱ्यातच घडले आहे.

१९११-१२ च्या सुमारास सातारा जिल्ह्यात मेढ्याजवळ वेण्णा नदीच्या डोहांत गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडला. तोपर्यंत हे कुल केवळ आफ्रिकेतून ज्ञात होते. या शोधाचे श्रेय मालवण येथे जन्मलेले डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्याकडे जाते. त्या वेळी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन करीत होते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन ॲनंडेल यांनी या जीवास ‘लिम्नोक्निडा इंडिका’ असे नाव दिले. माहुली येथे वेण्णा कृष्णेस मिळते व तेच पाणी पुढे सांगलीस येते.

स्थानिक निरीक्षकांचे महत्त्व

गोड्या पाण्यातील जेलीफिशची छत्रीसारखी अवस्था अल्पकाळच दिसते. एरवी हा जीव दगडांना चिकटलेल्या सूक्ष्म अवस्थेत राहतो. त्यामुळे वर्षातून एकदा येणाऱ्या संशोधकास डोह रिकामाच भासण्याचा संभव असतो. नित्य पाण्यावर जाणारे मच्छीमार, शेतकरी व विद्यार्थी यांनाच तो दिसू शकतो. धरणे व वाळूउपसा यांमुळे डोहांचे स्वरूप पालटत असता अशा नोंदींचे मोल अधिकच वाढते.

नोंद कशी ठेवावी?

दिनांक, वेळ, डोहाचे नाव, पाण्याची खोली व गढूळपणा, जीवांची अंदाजे संख्या एवढे लिहावे. शेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, म्हणजे आकार कळतो. जीव न दिसल्यास तसेही लिहावे. अशा नोंदी नसतील तर तो केव्हा नाहीसा झाला हे ठरविता येत नाही. नमुने उचलून नेऊ नयेत.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन होणाऱ्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. त्या नोंदवहीत गावच्या डोहांसाठी स्वतंत्र पाने राखून शाळेकडे त्यांचे काम सोपविल्यास शतकापूर्वीच्या शोधाचा धागा गावोगावी पुढे नेता येईल.