पर्वती चढू की नको?

मागच्या महिन्यात सहकारनगरची एक पहिलटकरीण सासूबाईंबरोबर दवाखान्यात आली. चौथा महिना चालू होता. लग्नाआधीपासून रोज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढण्याची तिची सवय. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, आता हिला घरी स्वस्थ बसायला सांगा." शेजारणीचा सल्ला नेमका उलटा, "नववा लागेपर्यंत चढ, बाळंतपण सोपे जाईल!"

दोन्ही सल्ले टोकाचे आहेत. गरोदरपण हा आजार नव्हे. सर्व काही सुरळीत असेल तर माफक व्यायामाने गर्भपाताचा किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढत नाही. उलट वजन आटोक्यात राहते, गरोदरपणातील मधुमेह आणि रक्तदाब यांची शक्यता कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली अशा स्त्रियांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. सवय नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करावी.

मध्यम म्हणजे किती? चालताना शेजारणीशी बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग कमी करावा.

मात्र या काळात सांधे सैल होतात, पोट पुढे येते आणि तोल लवकर जातो. पायऱ्या उतरताना पाय घसरण्याची भीती अधिक, त्यात पावसाळ्यात दगड निसरडे. म्हणून या मुलीला मी पर्वती थांबवून पायथ्याच्या सारसबागेत सपाट जागी चालायला सांगितले. सोबतीला सासूबाईच निघाल्या!

सैल कपडे व पायात घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट घालावेत, उपाशीपोटी जाऊ नये, पाणी प्यावे, उन्हात चालू नये. उड्या, वजने उचलणे, मंगळागौरीची फुगडी यंदा नको. तीन महिन्यांनंतर उताणे झोपून व्यायाम करू नये, कारण गर्भपिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून चक्कर येते. योगासने पुस्तकात पाहून करू नयेत. पुण्यात १९७५ साली रमामणी अय्यंगार मेमोरियल योग इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथील पद्धतीत खुर्ची, लोड, दोर यांचा आधार घेतात. गरोदर स्त्रीला असा आधार आणि जाणकार शिक्षक दोन्ही हवेत.

दिवसभर शेतात राबणाऱ्या किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या भगिनीला मात्र आणखी व्यायाम नको. तिला दुपारी डाव्या कुशीवर तासभर विश्रांती मिळेल, हे घरच्यांनी पाहावे.

वार खाली असणे, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका, वाढलेला रक्तदाब, हृदयविकार, रक्त फार कमी असणे, जुळे किंवा पूर्वी अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण, यांपैकी काही असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये.

काही वर्षांपूर्वी सातव्या महिन्यातील एका बाईंच्या अंगावरून थोडे रक्त गेले. 'जास्त चालणे झाले असेल' असे समजून त्या दोन दिवस घरीच पडून राहिल्या. प्रत्यक्षात वार खाली होती. पुढे खूप रक्तस्राव झाला. आई आणि बाळ वाचले, पण थोडक्यात.

म्हणून लक्षात ठेवा: अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, पोटात ठरावीक वेळाने कळा, छातीत दुखणे, बसल्या जागी धाप, चक्कर, तीव्र डोकेदुखी, एका पोटरीला सूज वा दुखणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर व्यायाम ताबडतोब थांबवा आणि त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते. 'उद्या बघू' हे वाक्य गरोदरपणात घरातून हद्दपार करावे.