प्रसारमाध्यमे आणि आपली दृष्टी

माणूस स्वतःच्या डोळ्यांनी जगाचा फार थोडा भाग पाहतो. उरलेले जग त्याला वर्तमानपत्र, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि आता हातातील मोबाईल यांच्याद्वारे कळते. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली 'पब्लिक ओपिनियन' या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, माणूस प्रत्यक्ष जगापेक्षा मनातील जगाच्या चित्राला अनुसरून वागतो. हे चित्र रंगविण्याचे काम बऱ्याच अंशी प्रसारमाध्यमे करतात. म्हणून माध्यमे कोणाच्या हाती आहेत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आम्ही बँकेत नोकरी करतो. खातेदाराने पैसे भरले, पण त्याची नोंदच झाली नाही, तर हिशेबात ते पैसे नसतात. समाजाचेही असेच आहे. ज्याच्या दुःखाची नोंद होत नाही, त्याचे दुःख इतरांच्या लेखी नसतेच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी मुंबईत 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. मात्र पैसे देऊ करूनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. मुंबई इलाख्यातील बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात, हे बाबासाहेबांनी पहिल्याच अंकात दाखवून दिले. २० मार्च १९२७ रोजी महाडचा सत्याग्रह झाला आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाले. पुढे १९३० मध्ये 'जनता' निघाले व १९५६ मध्ये त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले.

छापील अक्षर वाचता येणाऱ्यालाच कळते. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंत चळवळीचा विचार आंबेडकरी जलशांनी गाण्यांतून व संवादांतून पोहोचविला. म्हणजे माध्यम बदलले की श्रोताही बदलतो.

नोंद कोण करतो, हा प्रश्न नंतरही सुटला नाही. १९९६ साली पत्रकार बी. एन. उनियाल यांनी दिल्लीत दलित पत्रकाराचा शोध घेतला. एकही सापडला नाही, असे त्यांनी 'पायोनियर' दैनिकात लिहिले. नोंद करणारा बदलला की शब्दही बदलतात. वस्तीवर हल्ला झाला असता 'दोन गटांत हाणामारी' असे छापले, तर मारणारा आणि मार खाणारा एकाच रांगेत उभे राहतात.

आज मोबाईलमुळे प्रत्येकाला बोलता येते, ही मोठी सोय झाली आहे. परंतु आपण जे वारंवार पाहतो, तशाच गोष्टी यंत्र पुन्हा पुढे आणते. त्यामुळे आपल्याला आवडते तेच खरे, असा समज वाढतो. पुढे पाठविलेला खोटा मजकूरही क्षणात हजारोंपर्यंत जातो.

यावर उपाय कोणता? केवळ ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. तो येथे तंतोतंत लागू पडतो. विद्यार्थी मित्रांनी एकच बातमी दोन वर्तमानपत्रांतून वाचावी आणि वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. ही बातमी कोण सांगत आहे? कोणते शब्द वापरले आहेत? यात कोणाचे म्हणणे आलेले नाही?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची सवय लागली, की वाचक डोळस होतो. आणि ज्यांचे म्हणणे आले नाही, त्यांचे म्हणणे लिहिण्यासाठी आपल्यातील काहींनी तरी हाती लेखणी घ्यावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.