पत्त्यांतून अपूर्णांक

प्रश्न : मी पाचवीला गणित शिकवते. अपूर्णांकांवर स्वतःचा पत्त्यांचा खेळ करायचा आहे. सुरुवात कशी करू?

उत्तर : पत्त्यावर प्रश्न आणि मागे उत्तर, हा मोह टाळा, ती चाचणी होते, खेळ नाही. गणित केल्याशिवाय चालच करता येऊ नये.

नेहमीच्या कॅटसारखीच १३ किमतींची ५२ पाने करा : १/२, १/४, ३/४, पाचांशाचे चार, १/८, ३/८, ५/८, ७/८, शिवाय १/१० आणि ३/१०. प्रत्येक किमतीची चार रूपे : मूळ अपूर्णांक, सममूल्य अपूर्णांक, दशांश आणि रंगवलेली आकृती. म्हणजे ३/४, ६/८, ०.७५ आणि चारांपैकी तीन भाग रंगवलेला चौकोन ही एक जोड. एक तृतीयांश मुद्दाम वगळलाय; त्याचा दशांश संपत नाही.

आधी भिकार-सावकार खेळवा. १/८ आणि १/५ समोरासमोर आले, की आठ मोठे म्हणून १/८ मोठा मानणारी मुले लगेच कळतात. वाद झाला तर दशांशाची पाने शेजारी ठेवायची. मग सात पानांची रमी : चारची एक जोड, तीनची एक. मांडलेल्या जोडीवर कुणीही शंका घेऊ शकतो; शंका घेणारा चुकला तर त्याने एक पान जास्तीचे उचलायचे.

छपाईची घाई नको. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पहिला संच करा. पाने हातात पंख्यासारखी धरतात, म्हणून किंमत डाव्या कोपऱ्यातही लिहा. आकृतीच्या पानावर तिथे छोटी आकृतीच काढा. मुले नियम विचारायला तुमच्याकडे येईनाशी झाली, की छापा.