अंगणवाडी सेविकेचे प्रशिक्षण

प्रश्न : बारावी उत्तीर्ण अंगणवाडी सेविकेसाठी कोणते प्रशिक्षण योग्य ठरते?

उत्तर : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुचवलेला असून, नोकरी सांभाळून, दूरस्थ पद्धतीने तो पूर्ण करता यावा, अशी त्यामागील कल्पना आहे. मात्र प्रमाणपत्रापेक्षा महत्त्वाचे ते निरीक्षण, म्हणजे मूल काय करते, कोठे अडते, कोणाशी बोलते याची नियमित नोंद ठेवून त्यानुसार पुढच्या दिवसाचा खेळ ठरवणे. हे कौशल्य व्याख्यानाने येत नाही, ते अनुभवी मार्गदर्शकाने वर्गात बसून दाखवावे लागते. बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांवरच बालवाड्या भरवून, खडे, शिंपले, पाने यांपासून शैक्षणिक साधने घडवली, आणि महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा हा सर्वांत मोलाचा वारसा प्रत्येक प्रशिक्षणात प्रत्यक्ष कृतीने शिकवला गेलाच पाहिजे. पोषण, लसीकरण आणि नोंदवह्यांच्या भाराखाली दबलेल्या सेविकेला शिकण्यासाठी कामाच्या वेळेतच वेळ मिळणे हा तिचा हक्क आहे. अभ्यासक्रमाच्या चौकशीसाठी सेविकांनी प्रथम आपल्या पर्यवेक्षिकेशी किंवा बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांशी संपर्क साधावा.