पंपांतील पाण्याची पोकळी व चाकाची झीज

चैत्र-वैशाखांत विहिरीचें पाणी खोल गेलें म्हणजे पुष्कळ ठिकाणीं सेंट्रिफ्युगल पंपांतून खडे खळखळल्यासारखा आवाज येऊं लागतो. पंप उघडून पाहावा, तों चाकाच्या पात्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले दिसतात. बागाइतदार वाळूला किंवा हलक्या बिडाला दोष देऊन नवें चाक बसवितात. पुढील उन्हाळ्यांत तेंही तसेंच खराब होतें. अशा वेळीं दोष बहुधा चाकांत नसून शोषण-नळीच्या मांडणींत असतो.

पाणी उकळण्यास उष्णताच हवी, असें नाहीं. त्यावरील दाब पुरेसा घटल्यास थंड पाण्याचीही वाफ होते. पंप पाणी ओढतो असें आपण म्हणतों; वस्तुतः बाहेरील हवेचा दाबच तें नळींतून वर ढकलतो. समुद्रसपाटीस हा दाब सुमारें १०.३ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. पुण्यासारख्या ५६० मीटर उंचीच्या ठिकाणीं तो सुमारें ९.७ मीटरच भरतो. ह्याच पुंजींतून पाण्याची उचल, नळीचें घर्षण व प्रवाहाची गति ह्यांचा खर्च भागवावा लागतो. शिवाय ३० अंश सेंटिग्रेडच्या पाण्याची वाफ होऊं नये म्हणून सुमारें ०.४ मीटर दाब शिल्लक राहिला पाहिजे. चाकाच्या मुखाशीं गति वाढून दाब आणखी उतरतो. तेथें शिल्लक ह्याहून कमी पडली, कीं वाफेचे बुडबुडे उठतात. पुढें अधिक दाबाच्या जागीं ते क्षणार्धांत मिटतात, आणि भोंवतालचें पाणी त्या पोकळींत धांवून धातूवर घणासारखे घाव घालतें. मिटणाऱ्या पोकळीचा हा दाब किती प्रचंड असतो, हें लॉर्ड रॅले ह्यांनीं १९१७ सालीं गणितानें दाखविलें.

उपाय साधे आहेत. पंप पाण्याच्या शक्य तितका जवळ बसवावा. शोषण-नळी आंखूड व रुंद असावी, तिला वांकणें थोडीं असावीं, आणि फूटव्हॉल्व्हची जाळी वेळोवेळीं साफ करावी. पाणी कमी करणें असल्यास शोषणाच्या बाजूस कधींही आवळूं नये. बाहेर फेंकणाऱ्या नळीचा व्हॉल्व्ह थोडा आवळावा. असें करतांच खडखड कमी झाली, तर पोकळीचा संशय बळावतो. मात्र सांध्यांतून हवा शिरत नाहीं ना, हेंही तपासावें.

नव्या चाकाची किंमत मोजण्यापूर्वीं आपल्या शोषण-नळीचीं मापें घ्यावीं, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.