वाळूतली मर्यादवेल

प्रश्न : राजोडीच्या किनाऱ्यावर वाळूत पसरलेल्या, जांभळट गुलाबी फुलांच्या वेलीच्या बिया आणल्या, पण रुजत नाहीत. ही वेल कोणती?
– एक वाचक, विरार

उत्तर : पान आपट्यासारखं दुभंगलेलं, फूल नरसाळ्याच्या आकाराचं आणि बोंडात चारेक केसाळ बिया असतील, तर ती मर्यादवेल, म्हणजे आयपोमिया पेस-कॅप्री. वाळू धरून ठेवणारी ही वेल कृपया उपटू नका, सुकलेली बोंडंच घ्या.

बी समुद्रातून तरंगत दूरच्या किनाऱ्यांना लागते, इतकं तिचं कवच घट्ट. पाणी आत शिरत नाही, म्हणूनच ती कुंडीत नुसती पडून राहते. पॉलिश पेपरवर एका बाजूने घासा, आतला फिका रंग दिसताच थांबा आणि रात्रभर भिजवा. फुगलेल्या बियाच वाळूत सेंटिमीटरभर खोल पेरून भर उन्हात ठेवा. न फुगलेल्या पुन्हा घासा.