तबलजीची वही

नागपूरहून वर्धेला जाणाऱ्या रस्त्यावर, सेलू तालुक्यात, केळझर हे आमचे गाव आहे. टेकडीवर सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. आमच्या भागात भजनाची आवड फार. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) खंजिरी घेऊन गावोगाव फिरले. भजनातून त्यांनी स्वच्छतेच्या, एकीच्या, शिक्षणाच्या गोष्टी लोकांना सांगितल्या. आजही गावोगाव भजनी मंडळे आहेत.

भजन ऐकायला आपण सारेच जातो. पण वाजवणाऱ्याचे घर कसे चालते, हे आपण विचारतो का? आज आपण एका तबलजीची हकिगत वाचू.

हा तबलजी आमच्या आळीतला. आठवडाभर तो मजुरीला जातो. निंदण करतो, डवरण करतो. शनिवार आला की तबला-डग्गा घेऊन निघतो. हात गोड. तालाला पक्का. पण शाळा लहानपणीच सुटली, म्हणून लिहिणे-वाचणे येत नव्हते. आम्ही म्हणायचो, "अरे, रात्री वर्गाला येत जा." तो हसून म्हणायचा, "गुरुजी, माह्या ध्यानात रायते सारं."

भाद्रपद महिना होता. फोनवर तीन ठिकाणची बोलावणी आली. शनिवारी रात्री सेलूला भजन. रविवारी सकाळी आडरस्त्याच्या एका गावी काला. रविवारी रात्री वर्धेला गणपतीपुढे कार्यक्रम.

शनिवारी संध्याकाळी तो एसटीत बसला. तबला मांडीवर, डग्गा पायाशी. सेलूला उतरला तो मुसळधार पाऊस. पिशवी साध्या कापडाची, ती भिजली. मंडळाच्या दारी पोचला, तर दार बंद. शेजारी म्हणाले, "कार्यक्रम तर पुढच्या शनिवारी आहे!"

फोनवर 'पुढच्या शनिवारी' असेच सांगितले होते. याने समजून घेतले, 'येणाऱ्या शनिवारी'. तारीख कोणी बोलले नाही, याने विचारली नाही. भाडे गेले, रात्र गेली.

रविवारी सकाळी काल्याच्या गावी गेला. तिथे गाणाऱ्या बाया होत्या. त्यांनी पेटीवर काळी चार धरली. याचा तबला मोठ्या तोंडाचा, काळी एकचा. त्यात रात्रीची ओल. तबल्याची पुडी बकऱ्याच्या चामड्याची असते. ओल लागली की चामडे सैल पडते आणि सूर उतरतो. याने हातोडीने गट्टे ठोकले, सूर चढेना. मंडळी खोळंबली. घाईत त्याने तबला चुलीजवळ धरला. चामडे एकदम आवळले आणि फट्कन पुडी फाटली.

कोणाची तरी ढोलकी मागून त्याने काला निभावला. रात्री वर्धेला दुसऱ्याचा तबला घेऊन वाजवले. कार्यक्रम रंगला. पण पैसे हाती आले ते ठरल्यापेक्षा कमी. "एवढेच ठरले होते," असे मंडळींनी सांगितले. याच्यापाशी लिहिलेले काही नव्हते. मुकाट्याने परत आला.

घरी पोचला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. सोमवारी डोळा उघडला नाही, मजुरी बुडाली. बायको म्हणाली, "दोन दिवस फिरले, अन् पुडीचे पैसे आता घरातूनच द्यायचे का?"

मंगळवारी रात्री तो वर्गात आला. मागे बसला. म्हणाला, "गुरुजी, मले लिवणं शिकवा."

आम्ही त्याला अआइई नंतर शिकवले. आधी वार, आकडे आणि गावांची नावे शिकवली. ज्याला जे रोज लागते, ते लवकर येते. मग एक वही दिली. बोलावणे आले की त्याने चार गोष्टी विचारायच्या आणि लिहायच्या:

१. तारीख कोणती, वार कोणता, वेळ काय?
२. गाव कोणते, एसटी कुठवर जाते, परतीची सोय काय?
३. गाणारे कोण, पट्टी कोणती?
४. बिदागी किती, भाडे कोण देणार, इसार किती?

लिहून झाले की समोरच्याला फोनवर वाचून दाखवायचे. तो 'हो' म्हणाला की काम पक्के.

वहीच्या मागच्या पानावर हिशेब. समजा, दोन कार्यक्रमांचे १५०० रुपये आले. एसटीला १६० गेले, चहा-फराळाला ६०. सोमवारची मजुरी ३०० बुडाली, तीही खर्चातच धरायची. उरले ९८०. त्यातून पुडीसाठी २०० बाजूला ठेवायचे. घरात द्यायचे ७८०. १५०० हातात आले म्हणून १५०० कमावले असे नव्हे.

वाद्याची काळजीही त्याने लिहून घेतली. पिशवी जाड कापडाची, आत गादी, पावसाळ्यात वरून प्लॅस्टिक. ओला तबला पंख्याच्या वाऱ्यावर किंवा सावलीत हळूहळू वाळवावा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात धरू नये. गावी एक तास आधी पोचावे, म्हणजे सूर लावायला घाई होत नाही. बायांच्या भजनाला लहान तोंडाचा तबला न्यावा. तो नसेल तर आधीच तसे सांगावे. त्यात कमीपणा नाही.

काही जण म्हणतात, "भजनाला पैसे मागावे का?" सेवा म्हणून वाजवायचे असेल तर आनंदाने फुकट वाजवावे, पण तेही आधी सांगून. बिदागी ठरली असेल तर ती पुरी द्यावी, पुरी घ्यावी. देवाच्या दारी खोटा हिशेब शोभत नाही.

पुढे एका मंडळाने पुन्हा म्हटले, "एवढेच ठरले होते." तबलजीने वही काढली. बोट ठेवून, अडखळत, तारखेसह वाचून दाखवले. मंडळींनी उरलेले पैसे काढून दिले. भांडण झाले नाही. आवाजही चढला नाही.

घरी येऊन त्याने बायकोला पान दाखवले. आता तीही वर्गाला येते. म्हणते, "वही मले बी वाचता आली पायजे."

अभ्यास

१. तबलजी चुकीच्या शनिवारी सेलूला का गेला?
२. पुडी कशामुळे फाटली?
३. तुमच्या धंद्यात बोलणी करताना कोणत्या चार गोष्टी लिहाल? वहीत लिहा.
४. मागच्या आठवड्याची तुमची कमाई व खर्च मांडा. घरात खरे किती आले?